पाद्रीबाबांचं घरटं आणि ट्रेविन घराण्याचं फावडं

कोलिनप,
खाडीकाठ (सध्या खाडीतच)

प्रिय क्लेम,

सेल्विनचा नमस्कार. (हो, तोच. तुझ्या बहिणीनं, आयव्हीनं, तुझं न ऐकता ज्याच्याशी लग्न केलं तो. पत्र घडी घालून परत पाकिटात टाकू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग शिव्या घाल. शिव्या घालण्याजोगा मजकूर शेवटीच आहे.) तुझी पाठ कशी आहे? कानांचं विचारत नाही. उभा जन्म सोन्याच्या खाणीत माणसं उतरवणारा पाळणा वरखाली करणारं इंजिन चालवल्यावर कान कसे असणार ते मला ठाऊक आहे. अंगणातल्या लिंबाला यंदा लिंबं धरली का? आणि तुमच्या कालगुर्लीकडे पाऊस झाला का? हा शेवटचा प्रश्न मी उगाच हवापाण्याच्या गप्पा म्हणून विचारत नाही, त्यामागे कारण आहे, ते पुढे येईल. माझं म्हणशील तर मी सुखरूप आहे. गुडघ्यापर्यंत ओला आहे, पण सुखरूप.

यंदा खाडी अशी चढली आहे की तू घर ओळखणार नाहीस. फाटक बुडालं, भाजीचे वाफे बुडाले, आयव्हीचे गुलाब गळ्यापर्यंत पाण्यात उभे आहेत आणि बोट मी कपडे वाळत घालायच्या खांबाला बांधतो. व्हरांड्याच्या पायरीवर बसलं की पाय आपोआप पाण्यात. सकाळचं ऊन पाण्यावर पडतं, तिथून खिडकीतून आत येऊन झोपायच्या खोलीच्या छतावर चढतं आणि अख्खं छत हलायला लागतं. मी पडल्या पडल्या बघत राहतो. उठून चहा ठेवायचा असतो, पण त्या हलत्या उजेडाखाली मला वाटायला लागतं की मीच तळाशी आहे आणि वरून कुणीतरी सावकाश बोट वल्हवत चाललंय. एकदा तर मी मोठ्यानं हाक मारली, "आयव्ही, छत बघायला ये गं!" मग आठवलं. तिला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी सकाळी मला आठवायला थोडा वेळ लागतो. तोवर टोस्ट करपला. तो मी माशांना घातला, त्यांनीही खाल्ला नाही.

आता खाडी का चढते हे ट्रेविनांच्या घरात जन्मलेल्या तुला मी सांगावं म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखं आहे. पण मला लिहायला वेळ भरपूर आहे आणि तुला वाचायलाही. हिवाळाभर नद्या पाणी आणून ओततात, समुद्राच्या तोंडाशी वाळूचा बांध आडवा पडलेला, पाणी जाणार कुठे? मग धक्क्याजवळच्या खुणेच्या खांबाला पाणी टेकलं की गाव बांध फोडतं. (गेल्या वर्षी पाऊस कमी, पाणी खांबाला टेकलंच नाही.) खरं काम पिवळं खोदयंत्र करतं. पण पहिला घाव पडायचा तो तुझ्या आजोबांनी फुटक्या जहाजाच्या लोखंडातून ठोकून काढलेल्या त्या फावड्याचाच, तोही आयव्हीच्या हातून. तोवर यंत्रवाला यंत्राच्या सावलीत मटण पॅटिस खात बसून राहतो. आयव्हीचा हात प्लास्टरमध्ये होता त्या वर्षी कमिटीनं दुकानातलं कोरं फावडं वापरलं, आठवतं? आठवड्यात बांध परत बुजला, मासे मेले आणि महिनाभर गाव नाक धरून चर्चला गेलं. तेव्हापासून कोलिनपमध्ये देवावर विश्वास नसलेली माणसं सापडतील, फावड्यावर नसलेलं एक दाखव. (पहिला घाव घातला की आयव्ही स्कर्ट वर धरून मागे धावायची. पाणी तिच्या टाचांशी आणि ती हसत सुटलेली. हे मी लिहिणार नव्हतो, पण लिहिलं गेलं.)

तर अशा या बुडालेल्या संसारात माझ्याकडे पाहुणे आले. काळे राजहंस. तू म्हणशील, त्यात काय नवल, कोलिनपला कावळ्यांपेक्षा राजहंस जास्त. खरंय, पण ते लांब खाडीत असतात आणि आपण इथे काठावर असतो. हे थेट माझ्या फाटकाशी आले. तिथे मी कापलेल्या बोरूचा ढीग घालून ठेवला होता, तो त्यांना फुकटात मिळालेला पाया वाटला असावा. तिघे होते. दोघं अंगानं मोठे, लांब मानेचे, काळेकुळकुळीत, आणि लाल चोचीच्या टोकाला पांढरी पट्टी. थेट आपल्या पाद्र्याच्या गळपट्टीसारखी, फक्त गळ्याऐवजी चोचीला. म्हणून एकाचं नाव मी पाद्रीबाबा ठेवलं आणि दुसरीचं पाद्रीणबाई. तिसरी जरा बुटकी. ती दिवसभर घरट्यावर बसून आणि ही दोघं तिच्याभोवती राबतायत. मी डोकं चालवलं आणि ठरवलं की ही सासू. बसून राहते, काही करत नाही, दोघांना कामाला लावते, सासूशिवाय कोण असणार? (तुझी आई स्वर्गात आहे. तिथे माझी पत्रं पोचत नसावीत अशी आशा आहे.)

एके सकाळी बघतो तर त्या दोघांनी माना जमिनीलगत आडव्या केल्या, पंखांवरची कुरळी पिसं फुलवली, आणि फिस्कारत सासूला जी पिटाळली ती पार पलीकडच्या झाडांपर्यंत. मी व्हरांड्यातून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, शाबास पाद्रीणबाई, जे माझ्या बायकोला जमलं नाही ते तू केलंस. मग सुरू झाला राजाराणीचा संसार. एक घरट्यावर, दुसरा पाण्यात बुड वर आणि डोकं खाली करून तळातलं गवत खातोय. थोड्या वेळानं दुसरा येणार, दोघं माना वर करून तुतारीसारखा आवाज काढणार, एकमेकांना चार गोष्टी सांगितल्यासारखं करणार, आणि जागा बदलणार. आणि घर वाढवायची रीत तर बघत राहावी. काहीही उचलून आणत नाहीत. जिथे आहेत तिथे उभं राहून, चोचीला लागेल ते ओढायचं आणि खांद्यावरून मागे फेकायचं. मागे काय पडलं ते बघायचंसुद्धा नाही. पाणी बोटभर चढलं की घरटं बोटभर उंच. मी घराखाली विटा सरकवून कंबर मोडून घेतली, यांनी अंड्यांवर बसल्या बसल्या घर वर नेलं.

आता माझ्या टोपीची गोष्ट. मला वाटलं, शेजारधर्म म्हणून आपण थोडी कोबीची पानं द्यावीत आणि जाता जाता अंडी बघावीत. बोट सोडली, फाटकाशी नेली, पानं पुढे केली. पाद्रीणबाई उठल्या. खाली पाच अंडी, फिकट हिरवी. (आयव्हीच्या चहाच्या कपांचा तो रंग होता ना, तोच. मी म्हणालो, "अगं, हे तर आपले कप!" हे माझं चुकलं. घरट्याजवळ बोलू नये.) पुढे काय झालं ते नीटसं सांगता येत नाही. पंखाचा एक तडाखा खांद्यावर बसला, बोट एका बाजूला गेली, मी दुसऱ्या, आणि कोबी तिसऱ्या. गुलाबांना धरून उभा राहिलो, तर गुलाबांनीही सोडलं नाही. आणि डोळ्यांतलं पाणी पुसून बघतो तर माझी टोपी, आयव्हीनं मला घेतलेली वेताची टोपी, तरंगत तरंगत घरट्याशी चाललीय. पाद्रीणबाईंनी ती चोचीत धरली, खांद्यावरून मागे टाकली आणि तिच्यावर बसल्या. क्लेम, मी कमरेइतक्या पाण्यात, काट्यांत, उघड्या डोक्यानं उभा होतो. आणि मला इतकं हसू आलं की मीच दचकलो. घरात हसण्याचा आवाज झाल्याला बरेच दिवस झाले होते.

मर्ल आंटी आली ती या भानगडीची बातमी ऐकून. (शाळेत शिकवणं सोडून तिला वर्षं झाली तरी तिला बघून मी अजून शर्टाचं बटण लावतो. आता ती खाडी कमिटीची अध्यक्ष आहे, म्हणजे गाव अजून तिच्या वर्गातच.) तिचे लोक, या मातीतले मूळचे, या पक्ष्याला माली म्हणतात आणि नात्यातलं माणूस असल्यासारखं त्याच्याबद्दल बोलतात, म्हणजे कौतुकही आणि उखाळ्यापाखाळ्याही. ती व्हरांड्यात चहा घेऊन बसली. थोडा वेळ बघितलं आणि असं हसायला लागली की बशीत चहा सांडला.

"सेल्विन, अरे जन्मभर मासे धरलेस, त्यात तरी नर कुठला आणि मादी कुठली ते कळायचं का?"

"का? काय झालं?"

"दोघंही पाद्रीबाबाच आहेत! मान बघ, चोच बघ. आणि तू जिला सासू म्हणतोस ना, ती बिचारी आई. अंडी तिची."

"मग तिला हाकललं का?"

"अंडी मिळाली, काम झालं. काही काही माली असं करतात. दोन नरांची जोडी जमते, अंड्यांपुरती बाई आणतात, नाहीतर कुणाचं आयतं घरटं बळकावतात, आणि पुढे दोघं मिळून पिल्लं वाढवतात. चांगली वाढवतात हं. दोघं दांडगे, त्यामुळे शेजारी घाबरून असतात. नवरा-बायकोपेक्षा यांचीच पिल्लं जास्त जगतात."

एका आईला मुलांपासून तोडलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. संध्याकाळी ती पलीकडच्या झाडांखाली एकटी चरताना दिसली, मी लांबून टोपी काढायला डोक्याकडे हात नेला, तर टोपी नव्हती. मर्ल आंटी म्हणते की ती दुसरा जोडीदार बघेल आणि दुसरं घरटं घालेल, तू जीव जाळू नकोस. पण मी नावं बदलली नाहीत. पाद्रीणबाई पाद्रीणबाईच राहिल्या. त्यांची काही हरकत दिसत नाही.

आणि इथून विनोद संपतो, क्लेम. पाणी खुणेच्या खांबाला टेकलं. म्हणजे बांध फोडायचा. बांध फुटला की एका दिवसात माझं फाटक, वाफे, गुलाब सगळं कोरडं, आणि घरटं चिखलात बोरूच्या ढिगासारखं उघडं. आज त्याच्याभोवती पाणी आहे म्हणून कोल्हा काठावर येतो, बसतो, जिभल्या चाटतो आणि परत जातो. मी त्याला रोज बघतो. परवा तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू आपण दोघं एकाच बसची वाट बघतोय. उबवायला सगळे मिळून सहाएक आठवडे लागतात. किती गेले ते मला माहीत नाही, कारण तेव्हा मी सासूची निंदा करण्यात गुंतलो होतो. आणि दोन पाद्री कितीही दांडगे असले तरी कोरड्या जमिनीवर, एक चरायला गेलेला असताना, कोल्ह्यापुढे एकट्याचं काय चालणार? आयव्हीला आणि मला, तुला ठाऊक आहे, पिल्लं झाली नाहीत. ही पाच माझ्या फाटकाशी आली आहेत. ती मला जगवायची आहेत, बस.

कमिटीची सभा झाली. मी उभा राहून बोललो. सभेत मी कधी बोलत नाही, म्हणून लोकांनी ऐकून घेतलं, आणि मग सगळ्यांनी बांध फोडायच्या बाजूनं हात वर केले. क्रस्ते शेजाऱ्याचे तर दोन्ही हात वर होते. (बटाटेवाला क्रस्ते. तू इथे असताना त्याचा बाप होता, तो मॅसेडोनियाहून आलेला, जो पत्त्यांत फसवायचा. मुलगा फसवत नाही, म्हणून सारखा हरतो.) त्याचं खालचं शेत पाण्याखाली आहे आणि बियाणं कोठारात मोड येऊन पडलंय. त्याचंही खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. मग मर्ल आंटीनं विचारलं, "पुढच्या शनिवारी फोडू. पहिला घाव सेल्विन घालेल, आयव्हीच्या जागी. सेल्विन, फावडं कुठंय?" सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो. तू बसून वाचतोयस ना?

सभेनंतर मी बोटीत जाऊन आडवा झालो. विचार करायला म्हणून. वारा पडला होता, पाणी आरशासारखं, वर ढग आणि खाली ढग आणि मधे मी. कधी डोळा लागला कळलं नाही, आणि बोट बांधायची राहिली तेही. झोपेतच मला आवाज ऐकू येत होते, तो त्यांचा तुताऱ्यांचा आवाज, पण एकदोघांचा नाही, शेकडोंचा. डोळे उघडले तर मी खाडीच्या मधोमध, चहूकडे काळेच काळे राजहंस, लाल चोचींचे ठिपके लांबवर विरत गेलेले. कुणी माझी दखल घेतली नाही. मग कशानं तरी सगळे उठले. क्लेम, आपण लहानपणापासून बघतो तरी मी पुन्हा तोंड उघडं टाकून बघत राहिलो. बसलेला असताना हा पक्षी सगळा काळा. उडाला की पंखांतून पांढरं निघतं, लपवून ठेवलेलं सगळं पांढरं एकदम. काळोखी वर गेली आणि पांढरी होऊन डोक्यावरून निघून गेली. आयव्ही म्हणायची, माणसाचंही असंच असतं, उडायची वेळ येईपर्यंत आतलं दिसत नाही. ती तुझ्याबद्दल म्हणायची. मला तेव्हा पटलं नव्हतं.

नंतर पुन्हा झोपलो असणार, कारण पुढची जाग शिव्यांनी आली. बोट कुंपणावरून तरंगत क्रस्तेच्या शेतात गेली होती आणि तो मांडीपर्यंत पाण्यात उभा होता.

"सेल्विनकाका! माझ्या बटाट्यांच्या शेतावर होडी चालवतोस? आता इथंच जाळं टाक, मासे तरी खाऊ! पिकाचं तर वाटोळंच केलंस तू!"

"पाणी मी आणलं का रे?"

"आणलं नाहीस, पण थांबवून धरलंयस! गावात सगळे म्हणतायत, म्हातारा बदकांपायी आडवा आलाय."

"राजहंस आहेत."

"मला दोन्ही सारखीच. दोन्ही माझं कोवळं गवत खातात."

मी म्हटलं, चल बस बोटीत, दाखवतो. तो बसला, बोट काठापर्यंत पाण्यात गेली. माझ्या व्हरांड्याच्या पायरीवर दोघं पाय पाण्यात सोडून बसलो. ऊन तिरपं झालं होतं. पाद्रीबाबा चरून आले, पाद्रीणबाई उठल्या, दोघांनी माना उंच केल्या, हाका दिल्या, मान मानेजवळ नेली. मग बाबांनी चोचीनं एकेक अंडं हलकेच फिरवलं, पोटाची पिसं सरळ केली आणि माझ्या टोपीवर बसले. क्रस्ते म्हणाला, "आमच्या घरात पाळी बदलताना असं कुणी बोलत नाही. आमच्यात ताट आपटतात." आणि थोड्या वेळानं, "शनिवारपर्यंत थांबतो. तोवर ते फावडं तिकडून निघाल्याचं कळलं नाही, तर काका, मी माझं आणतो. मग बांध बुजो नाहीतर देव कोपो." जाताना मात्र पाव आणि तिखट मिरच्यांची चटणी ठेवून गेला. रागावलेला माणूस चटणी देऊन जातो तेव्हा काय समजायचं, ते मला आयव्ही सांगायची.

आता कालगुर्लीच्या पावसाचं कारण. मर्ल आंटी सांगते की आत खोलवर, तुमच्याकडे, वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या खाऱ्या तळ्यांत पाऊस भरला की इथले राजहंस उठतात आणि रात्रीतून तिकडे जातात. कुणी सांगायला जात नाही, वाटेत पाणी नाही, तरी त्यांना कळतं की तिकडे पाणी आलं. तू तिकडे आहेस म्हणून मी त्या बाजूला बघतो. हल्ली पाखरं वरून गेली की मोजत नाही, फक्त म्हणतो, क्लेमच्या घरावरून जातील. त्यांना इतक्या लांबून कळतं. माणसाला का कळत नाही, हा प्रश्न मी इथेच सोडतो, कारण कागद संपत आला आणि चहा पुन्हा उकळून गेला.

पाठीला शेक देत जा. लिंबाला साबणाचं पाणी घाल.

तुझा मेहुणा (अजून तरी),
सेल्विन

ता. क. सभेत मी म्हणालो, "फावडं क्लेमनं नेलंय, कालगुर्लीला." बस, एवढंच म्हणालो. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. (याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आयव्हीच्या दफनानंतर चहाच्या टेबलावर तू "फावडं ट्रेविनांचं आहे!" आणि मी "खाडीचं आहे!" म्हणून ओरडत होतो ते सगळ्या गावानं हातात केक धरून ऐकलं होतं.) दुसऱ्या दिवशी तू पहाटेच्या बसनं गेलास, आणि फावडं पुसून, तेल लावून माझ्या दाराला टेकवून गेलास. एक शब्द न बोलता. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. फावडं आयव्हीच्या बाजूला पलंगाखाली आहे. तर काम असं की मर्ल आंटी रविवारी तुला फोन करणार आहे. तिचा आवाज तुला ऐकू येईल, तो सगळ्यांनाच येतो. तिनं विचारलं तर सांग की फावडं तुझ्याकडे आहे आणि तू ते स्वतः घेऊन निघतोयस, सावकाश. तू "कसलं फावडं?" म्हणालास की शनिवारी बांध फुटला आणि कोल्हा जेवला. मीच फोन केला असता, पण माझी तार पाण्यात आहे, आणि दुकानातल्या फोनवरून तुला ऐकू जाईल एवढ्यानं खोटं बोललो असतो तर अख्ख्या कोलिनपला ऐकू गेलं असतं.

ता. क. २. विचार केला, तुला हे जमणार नाही. ट्रेविनांना खोटं बोलताना खोकला येतो, आयव्हीलाही यायचा. त्यापेक्षा खरंच ये. काहीतरी लांबट, काठी म्हण, छत्री म्हण, पोत्यात गुंडाळून आण, बसथांब्यावर लोकांना दाखव. बाकी मी घरी बघतो. विमानानं येऊ नकोस, बसनं ये, वाटेत सगळ्या नातेवाइकांकडे थांब, चहा घे, मुलांचे फोटो बघ, जितके दिवस लावशील तितके बरे. आलास की मागची खोली आहे, तिथे पाणी शिरलेलं नाही. आणि लगेच परतायचं असंही काही नाही. दोन आडदांड नर एका घरात नांदतात, एक बसतो तोवर दुसरा चरून येतो, हे मी रोज डोळ्यांनी बघतोय. तुझं घोरणं मला चालेल. माझी बडबड तुला ऐकूच येणार नाही. (मर्ल आंटी काल चहाला आली होती. पलंगाच्या बाजूनं जाताना तिचा बूट कशावर तरी ठणकन आपटला. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "क्लेमला लिही, म्हणावं वाटेत घाई करू नकोस." शाळेतही तिनं मला असंच पास केलं होतं.)

ता. क. ३. पत्र पाकिटात घालून खिशात ठेवलं होतं. दुकानाचा रस्ता बुडालाय, म्हटलं उद्या बोटीनं जाऊ, मग परवा. आज सकाळी छत हलत होतं, मी पडलो होतो, आणि बाहेरून बारीक चिवचिव आली. फुटली, क्लेम. चार फुटली. राखाडी, मऊ, उभं राहता येत नाही तरी उभी राहणारी. पाचवं अंडं टोपीत तसंच राहिलं, ते राहू दे. दुपारी मी पुन्हा बाहेर आलो तर दोघं पाद्री पाण्यात आणि दोन पिल्लं एकाच्या पाठीवर, दोन पाण्यात धडपडत, सगळे फाटकावरून बाहेर मोठ्या खाडीत चाललेले. मागे वळून कुणी बघितलं नाही. क्रस्ते कुंपणाशी उभा होता, त्यानं मात्र टोपी काढली. कोल्हा काठावर बसून होता, थोड्या वेळानं उठून गेला.

मी पलंगाखालून फावडं काढलं आणि मर्ल आंटीकडे पोचवलं. ती म्हणाली, "आलं का कालगुर्लीहून? लवकर आलं." शनिवारी पहिला घाव मी घालेन. परवापर्यंत वाटत होतं की आयव्हीशिवाय माझा हात उचलणार नाही. आता वाटतं, उचलेल.

तेव्हा आता खोटं बोलायला नको, पोतं आणायला नको, वाटेत रेंगाळायला नको. तुला इथे येण्यासाठी एकही कारण उरलेलं नाही. तरी ये.